पाणीदार लेन्सचा घोळ

भाचीने परवा कॉन्टॅक्ट लेन्सच्या दोन खोक्यांचे फोटो पाठवले. खाली मेसेज, "मामा, एकीत पाणी ५८ टक्के, दुसरीत ३३. ५८वाली घेते, म्हणजे डोळे कोरडे पडणार नाहीत."

हिशोब सरळ वाटतो, पण आहे उलटा. लेन्समधलं पाणी डोळ्याला पाजायला नसतंच. जास्त पाण्याची मऊ लेन्स दिवसभरात सुकतेही जास्त. ते पाणी असतं प्राणवायूची ने-आण करायला.

बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात, रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर आरपार दिसलंच नसतं. त्यामुळे त्याच्या पुढच्या भागाला प्राणवायू मिळतो तो बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या थरात विरघळून. त्यावर लेन्स ठेवणं म्हणजे नाकावर फडकं धरणं. पूर्वीच्या कडक प्लॅस्टिकच्या लेन्समधून प्राणवायू जवळजवळ जातच नसे. पापणी मिटली की लेन्सखालचे अश्रू थोडे बदलायचे, तेवढ्यावर भागायचं.

१९६१च्या नाताळात ओटो विख्टरले या चेक रसायनतज्ज्ञाने मुलाच्या खेळण्यातले सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून घरातच यंत्र बनवलं आणि त्यावर मऊ जेलच्या लेन्स ओतल्या. जेलमध्ये पाणी, पाण्यात विरघळलेला प्राणवायू. मग पाणी वाढवत नेलं की झालं!

नाही झालं. पदार्थातून प्राणवायू किती सहज जातो त्या आकड्याला डीके म्हणतात. त्याला जाडीने भागलं की त्या लेन्सचा आकडा मिळतो. लेन्स ०.१ मिलिमीटर जाड असेल तर रूढ एककांत दोन्ही आकडे एकच येतात, म्हणून तीच धरू. होल्डन आणि मर्ट्झ या संशोधकांनी १९८४ साली मांडलेल्या निकषानुसार दिवसा वापरायला २४ पुरतात, लेन्स घालून झोपायचं तर ८७ लागतात. आणि खुद्द पाण्याचा डीके? सुमारे ८०. म्हणजे अख्खी लेन्स नुसत्या पाण्याची केली तरी ८७ला पोचत नाही. हा हिशोब मला फार आवडतो.

वाट काढली सिलिकॉनने. त्याच्या लवचिक साखळ्यांमधून प्राणवायू पाण्यापेक्षाही सहज सरकतो. म्हणून सिलिकॉन हायड्रोजेलची, म्हणजे सिलिकॉन मिसळलेल्या जेलची, ३३ टक्केवाली लेन्स साध्या जेलच्या ५८ टक्केवालीपेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू आत सोडते. फुकट काहीच नाही म्हणा: सिलिकॉनला पाण्याचं वावडं आणि तेलकटपणाची ओढ, त्यामुळे पृष्ठभागावर वेगळी प्रक्रिया करावी लागते किंवा ओलावा धरणारे रेणू मिसळावे लागतात. काही डोळ्यांना साधी जेलच मानवते. शिवाय खोक्यावरचा आकडा सहसा उणे ३ नंबरच्या लेन्सच्या मध्यबिंदूचा असतो. तुमचा नंबर उणे ८ असेल तर लेन्सच्या कडेकडची जाडी वेगळी, म्हणजे तिथला आकडाही वेगळा.

बाकीचं झटपट. सिलिंडर नंबर असेल तर टोरिक लेन्स. ती डोळ्यात गोल फिरू नये म्हणून बहुधा खालच्या बाजूला जाड ठेवतात. कॉर्निया शंकूसारखा पुढे आला असेल तर हवा जाऊ देणारी कडक लेन्स बरी, कारण खालचे खाचखळगे अश्रूच भरून काढतात. साफसफाईचा कंटाळा असेल तर रोज फेकायच्या घ्याव्यात. माप मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांकडूनच घ्यावं, नुसत्या रंगीत लेन्ससाठीसुद्धा.

लेन्स डोळ्यामागे जाऊन मेंदूत शिरते, ही भीती सोडा. पापणीच्या आतलं आवरण वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागाला चिकटलेलं असतं, मागे जायला वाटच नाही. "रात्रभर घाला, डोळा श्वास घेतो" या जाहिरातीची भीती मात्र जरूर बाळगा. प्राणवायू वाढला म्हणून रात्री लेन्स ठेवल्याने होणाऱ्या जंतुसंसर्गाचा धोका टळलेला नाही. आणि लेन्सला नळाचं पाणी लावायचं नाही. त्यातला अकँथामिबा हा एकपेशीय जीव कॉर्नियाची वाट लावू शकतो.

डॉक्टरांना दाखवून भाचीने शेवटी ३३वाली घेतली. पहिल्याच सकाळी मेसेज, "मामा, टोचतेय!" म्हटलं, काढ, बोटाच्या टोकावर ठेव आणि बाजूने बघ. कडा वाटीसारख्या उभ्या असतील तर सुलट, बशीसारख्या बाहेर पसरल्या असतील तर उलट.

दोन मिनिटांनी उत्तर आलं, "बशी."