लहान गर्भावरील देखरेख आणि डॉप्लरच्या संदर्भ-मर्यादा

गर्भवतीच्या सोनोग्राफीत बाळाचे अंदाजे वजन किंवा पोटाचा घेर आठवड्यांच्या मानाने १० व्या पर्सेंटाइलखाली आला, की ‘बाळ लहान आहे’ असे म्हटले जाते. पण शंभर निरोगी बाळांतली दहा बाळे या रेषेखाली असणारच. त्यांतली बरीचशी आई-वडिलांच्या अंगकाठीवर गेलेली आणि धडधाकट असतात. काहींची वाढ मात्र वारेतून पुरेसा प्राणवायू व पोषण मिळत नसल्याने खुंटलेली असते. वजन दोघांचेही सारखेच भरते, म्हणून वजनाच्या जोडीला रक्तप्रवाह पाहावा लागतो. त्यासाठी डॉप्लर तपासणी करतात.

ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ ख्रिस्तिआन डॉप्लर याने १८४२ मध्ये मांडलेले तत्त्व असे, की उगम हलता असला तर त्याच्या तरंगांची वारंवारता बदललेली भासते. वाहत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या ध्वनितरंगांना हेच लागू पडते. नाळेतील धमनीचे असे मोजमाप डब्लिनमधील फिट्झजेराल्ड आणि ड्रम यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केले.

पडद्यावर हा प्रवाह करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. बाळाचे हृदय आकुंचन पावले की आलेख चढतो, सैलावले की उतरतो. वार निरोगी असेल तर तो शून्यापर्यंत खाली येत नाही, कारण वारेतील रक्तवाहिन्यांचे जाळे मोकळे असते आणि दोन ठोक्यांमधल्या काळातही रक्त पुढे सरकत राहते. समजा, सर्वाधिक वेग सेकंदाला ४५ सेंटिमीटर, ठोक्याच्या शेवटचा १५ आणि सरासरी ३० आहे. ४५ मधून १५ वजा करून ३० ने भागले की १.० येते. हा पल्सॅटिलिटी इंडेक्स, रोजच्या बोलण्यातला पीआय. तो रूढ करणारे रेमंड गॉसलिंग हे तरुणपणी रोझलिंड फ्रँकलिन यांच्यासोबत डीएनएची क्ष-किरण छायाचित्रे घेणाऱ्यांपैकी होते. शेवटचा वेग शून्यावर आला तर सर्वाधिक वेगाला शेवटच्या वेगाने भागून येणारे साधे गुणोत्तर अनंत होते, पीआय मात्र काढता येतो. म्हणून त्याला पसंती मिळाली.

नुसत्या पीआयवरून काहीच ठरवता येत नाही. गर्भारपण पुढे सरकते तसा वारेतील अडथळा कमी होतो आणि नाळेचा पीआय उतरत जातो. २० व्या आठवड्यात तो साधारण १.२ असतो, ४० व्या आठवड्याच्या सुमारास ०.८ च्या आसपास येतो. म्हणजे १.२ हा आकडा २० व्या आठवड्यात अगदी मधोमध बसतो आणि ३८ व्या आठवड्यात ९५ व्या पर्सेंटाइलच्या वर जातो. आठवडेच चुकीचे मोजले असतील तर पुढचे सगळे चुकते. पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून दिवस नक्की करणे म्हणूनच मोलाचे.

संदर्भ-तक्ता बनवताना गुंतागुंत नसलेल्या गर्भवतींची मोजमापे घेतात आणि प्रत्येक आठवड्याची मधली किंमत व तिच्याभोवतीचा पसारा काढतात. तक्त्यांतक्त्यांत फरक पडतो. कोणी प्रत्येक स्त्रीचे एकदाच माप घेतले, कोणी तिलाच पुन्हा पुन्हा मोजले. मोजण्याची जागाही वेगळी असते: नाळेच्या बाळाकडच्या टोकाला पीआय जास्त येतो, वारेकडच्या टोकाला कमी. परिणामी एकच बाळ एका तक्त्यात मर्यादेत आणि दुसऱ्यात बाहेर पडू शकते. प्रस्तुत लेखकाच्या मते अहवालात केवळ ‘नॉर्मल’ लिहून भागत नाही. पीआय, आठवडे, पर्सेंटाइल आणि वापरलेला तक्ता हे चारही हवेत. पुढच्या तपासणीलाही तोच तक्ता धरला नाही, तर बदल बाळात झाला की कागदावर, हे कळणार नाही.

मापही निगुतीने घ्यावे लागते. बाळ हालत असताना किंवा श्वासाच्या हालचाली करत असताना आलेख वेडावाकडा येतो. ते शांत होईपर्यंत थांबून, नाळेच्या मोकळ्या वेटोळ्यावर एकसारखे काही तरंग मिळाले तरच आकडा घ्यावा.

वारेतला अडथळा वाढला की नाळेचा पीआय चढतो; मेंदूच्या मधल्या धमनीत उलटा प्रकार घडतो. प्राणवायू कमी पडला की बाळ मेंदूकडचे रक्त वाढवते आणि तिथला पीआय घटतो. या पीआयला नाळेच्या पीआयने भागले की मेंदू-वार गुणोत्तर मिळते. दोन्ही आकडे आपापल्या मर्यादेत असूनही गुणोत्तर ५ व्या पर्सेंटाइलखाली गेलेले आढळते. ३२ आठवड्यांनंतर वाढ खुंटलेल्या बाळांत नाळेचा प्रवाह बहुधा ठीकच दिसतो, तेव्हा हे गुणोत्तर विशेष कामी येते. २०१६ मध्ये तज्ज्ञांच्या सहमतीने ठरलेल्या, गर्भाची वाढ खुंटण्याच्या व्याख्येतही त्याला स्थान आहे. नाळेचा डॉप्लर जोखमीच्या गर्भारपणात बाळांचे मृत्यू कमी करतो, हे चाचण्यांतून दिसले आहे. जोखीम नसताना सरसकट केल्याने तसा लाभ दिसलेला नाही.

ठोक्याच्या शेवटचा प्रवाह थांबला किंवा उलटा वाहू लागला, तर मात्र तक्ता लागत नाही. वारेचा मोठा भाग निकामी झाल्याची ती खूण असते. इतर काही बिघडले नाही, तर प्रवाह थांबला असताना ३२ ते ३४ आणि उलटा असताना ३० ते ३२ आठवड्यांच्या दरम्यान प्रसूती करावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगते. त्याआधी डक्टस व्हेनोसस या यकृतालगतच्या शिरेतला ‘ए’ तरंग, म्हणजे बाळाच्या हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावतानाचा प्रवाह, पाहतात. २६ ते ३२ आठवड्यांच्या बाळांवरील ‘ट्रफल’ या युरोपीय चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. ‘ए’ तरंग नाहीसा होईपर्यंत थांबलेल्या गटात जगलेल्या मुलांपैकी ९५ टक्के मुले दोन वर्षांची असताना मज्जासंस्थेच्या दोषाविना होती. केवळ हृदयठोक्यांच्या आलेखावरून निर्णय घेतलेल्या गटात ८५ टक्के. थांबण्यात मृत्यू किंचित वाढलेले दिसले, पण ती वाढ संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरण्याइतकी नव्हती.