साहेबांचं मत कामात कसं उतरतं? एका कल्पनेची पार्श्वभूमी

व्यवस्थापनाच्या कुठल्याही प्रशिक्षणात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: माणसावर विश्वास टाका, तो त्या विश्वासाला जागतो. ऐकायला गोड आहे, टाळ्याही पडतात. या वाक्यामागे शंभराहून अधिक वर्षांचं संशोधन आहे हे खरंच. पण त्या संशोधनातला जवळपास प्रत्येक मोठा निष्कर्ष आधी गाजला, मग कुणीतरी आकडे पुन्हा तपासायला घेतले आणि तो आक्रसला. तरी तळाशी काहीतरी उरलंच, आणि जे उरलं ते टाळ्यांच्या वाक्यापेक्षा जास्त कामाचं आहे.

सुरुवात एका घोड्यापासून करावी लागते. बर्लिनमधल्या विल्हेल्म फॉन ऑस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा गणिताची उत्तरं जमिनीवर टापा मारून देत असे. 1904 साली तज्ज्ञांच्या समितीने त्याला तपासलं, तिला कसलीही लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने चिकाटीने प्रयोग केले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, तर हान्स चुकायचा. विचारणारा त्याला दिसत नसेल, तरीही चुकायचा. विचारणारी माणसं टापा मोजताना खाली वाकून बघत आणि बरोबर आकडा आला की त्यांचं डोकं नकळत किंचित वर होई. घोडा तिथे थांबे. विचारणाऱ्याची अपेक्षा त्याच्याच हालचालीत उतरत होती आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता.

ही गोष्ट पुढे प्रयोगशाळेत पुन्हा उगवली. 1963 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्याने विद्यार्थ्यांना उंदीर वाटले. काहींना सांगितलं, तुमचे उंदीर भूलभुलैया पटकन शिकणाऱ्या वाणाचे आहेत. उरलेल्यांना सांगितलं, तुमचे मठ्ठ वाणाचे. प्रत्यक्षात सगळे उंदीर सारखेच होते. तरी ‘हुशार’ उंदीर जास्त चांगले शिकले. त्यांना हाताळणारे विद्यार्थी त्यांना जास्त वेळा आणि जास्त हळुवारपणे हाताळत होते, एवढाच काय तो फरक.

इकडे कारखान्यांत वेगळीच कथा चालू होती. फ्रेडरिक टेलर या अमेरिकी अभियंत्याने 1911 च्या पुस्तकात ‘शास्त्रीय व्यवस्थापन’ मांडलं तेव्हा मजूर मुद्दाम हळू काम करतात हेच त्यांनी गृहीत धरलं होतं. विचार साहेबाने करायचा, मजुराने सांगितलं तसं करायचं, जास्त कामाला जास्त पैसे. टेलर यांना एक गोष्ट मात्र नेमकी दिसली होती, आणि त्याचं श्रेय त्यांना फारसं कुणी देत नाही: मजूर रेंगाळतात ते आळसापायी कमी आणि हिशोबाने जास्त. आज जोर लावला तर उद्या मालक मजुरीचा दर कमी करणार, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असतं.

शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यातले प्रयोग 1924 ला सुरू झाले आणि 1930 च्या दशकात संपले. त्यांतला प्रकाशाचा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो: दिवे वाढवले तरी उत्पादन वाढलं, कमी केले तरी वाढलं, कारण आपल्याकडे कुणीतरी लक्ष देतंय एवढंच कामगारांना पुरलं. ही कथा पाठ्यपुस्तकांतून पिढ्यानपिढ्या चालत आली. पण स्टीव्हन लेव्हिट आणि जॉन लिस्ट या अर्थतज्ज्ञांनी त्या प्रयोगाचे मूळ आकडे शोधून काढले आणि 2011 मध्ये त्यांचं विश्लेषण प्रसिद्ध केलं, तेव्हा असा ठळक परिणाम त्यात दिसलाच नाही. रिले (टेलिफोन यंत्रणेतले विजेचे स्विच) जोडणाऱ्या मुलींच्या गाजलेल्या गटातही दोघींना मध्येच बदललं होतं आणि मोबदल्याची पद्धतही नवी होती. नुसतं ‘लक्ष दिलं म्हणून’ असं तिथेही म्हणता येत नाही.

माझ्या मते हॉथॉर्नमधला खरा ऐवज दुसऱ्याच खोलीत आहे. 1931-32 मध्ये टेलिफोन यंत्रणेच्या तारा जोडणारे 14 पुरुष एका वेगळ्या खोलीत बसवले आणि एक निरीक्षक नुसता बघत राहिला. मोबदला गटाच्या एकूण उत्पादनावर होता, म्हणजे जास्त केलं तर सगळ्यांनाच जास्त मिळणार. तरी दिवसाचं ‘वाजवी’ काम किती, हे गटाने आपसांत ठरवून टाकलं होतं: दोन संच. कुणी त्यापुढे जाऊ लागला की शेजारचा त्याच्या दंडावर एक जोरदार ठोसा लगावायचा. फार मागे पडणाऱ्यालाही टोमणे मिळायचे, आणि वर चुगली करणारा तर सगळ्यांच्याच नजरेतून उतरायचा. साहेबांची अपेक्षा कागदावर होती, ती गाठण्याचा प्रयत्नही कुणी केला नाही. गटाची अपेक्षा दंडावर उमटत होती.

मानसशास्त्राने याला हिशोबाचं रूप दिलं ते 1964 साली. व्हिक्टर व्रूम यांच्या मांडणीत माणूस तीन प्रश्न विचारतो: प्रयत्न केला तर जमेल का? जमलं तर त्यातून काही मिळेल का? आणि जे मिळेल ते मला हवंय का? या तिन्हींचा गुणाकार करायचा. एकाचं उत्तर शून्य आलं की सगळं शून्य. माणसं डोक्यात असा गुणाकार करत नाहीत हे उघड आहे. पण तारा जोडणाऱ्यांच्या खोलीला ही मांडणी चपखल बसते. त्यांना काम जमत होतं, पैसे हवेही होते, फक्त मधल्या प्रश्नाचं उत्तर त्यांना ‘दर कापतील’ असं दिसत होतं. अशा गटापुढे प्रेरणेवर कितीही भाषणं दिली तरी ती पालथ्या घड्यावर पाणी.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी 1948 च्या लेखात स्वतःलाच खरं ठरवणाऱ्या भाकिताची कल्पना मांडली होती. बँक बुडणार अशी अफवा उठते, ठेवीदार पैसे काढायला धावतात आणि धडधाकट बँक खरोखर बुडते. रोझेन्थाल आणि कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी ती कल्पना वर्गात नेली. एक चाचणी घेतली आणि शिक्षकांना काही मुलांची नावं दिली: ही यंदा एकदम बहरणार आहेत. नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली होती, सुमारे 20 टक्के मुलांची. वर्षअखेरीस त्या मुलांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा जास्त वाढलेला दिसला, पण मुख्यतः पहिली-दुसरीत. 1968 साली हे पुस्तकरूपात आलं आणि वादळ उठलं. चाचणीच लहान मुलांसाठी भरवशाची नाही, असं टीकाकारांनी दाखवलं.

वादाला थोडी स्पष्टता आणली ती संशोधक स्टीफन राउडनबुश यांनी. त्यांनी 1984 मध्ये असे अनेक प्रयोग एकत्र तपासले. शिक्षकाची आणि मुलाची ओळख दोन आठवड्यांहून जुनी असेल, तर वरून सांगितलेल्या अपेक्षेचा परिणाम जवळपास नाहीसा होतो. ओळख होण्याआधीच शिक्का आला, तर तो काम करतो. शिक्षकाने आधीच स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिलं, त्यापुढे कुणा तज्ज्ञाची चिठ्ठी टिकत नाही.

कार्यालयांपर्यंत हे सगळं पोहोचलं ते 1969 साली, स्टर्लिंग लिव्हिंग्स्टन या व्यवस्थापनाच्या प्राध्यापकांच्या लेखातून. त्यात मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीच्या एका शाखेचं उदाहरण आहे. 1961 मध्ये तिथल्या प्रमुखाने सर्वांत चांगले विमा एजंट सर्वांत चांगल्या सहायक व्यवस्थापकाकडे दिले, मध्यम एजंट मध्यम व्यवस्थापकाकडे, आणि उरलेले तिसऱ्या गटात. वरचा गट भरारी मारून गेला, तळाचा आणखी घसरला. मधल्या गटाच्या व्यवस्थापक बाई मात्र आपण मध्यम आहोत हे मानायलाच तयार नव्हत्या. आपले एजंट त्या ‘हुशार’ गटापेक्षा कमी नाहीत, असं त्या त्यांना सांगत राहिल्या, आणि टक्केवारीत त्यांच्या गटाची वाढ वरच्या गटापेक्षा जास्त झाली. एका शाखेची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, पण लेख गाजला तो त्या बाईंमुळेच असावा.

काटेकोर प्रयोग नंतर इस्रायली लष्करात झाला. डोव्ह एडन आणि अब्राहम शानी यांनी 1982 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 105 प्रशिक्षणार्थी होते. प्रशिक्षकांना यादी मिळाली: अमुक जणांत नेतृत्वाची क्षमता जास्त, अमुक सर्वसाधारण, अमुकांबद्दल माहिती नाही. यादी चिठ्ठ्या टाकूनच केलेली होती. ‘जास्त क्षमता’वाल्यांचे गुण स्पष्टपणे वर गेले. 2000 च्या सुमारास अशा प्रयोगांची एकत्रित तपासणी झाली, तेव्हा हा परिणाम लष्करात मोठा आणि नेहमीच्या कार्यालयांत बराच लहान दिसला. ज्यांच्याबद्दल आधी कमी अपेक्षा होती, त्यांच्यात तो जास्त दिसला.

मग अपेक्षा नेमकी पोहोचते कशी? रोझेन्थाल यांनी वाटा दाखवल्या त्या अगदी रोजच्या आहेत. ज्याच्याकडून आशा आहे त्याच्याशी वागणं मोकळं होतं. त्याच्याकडे अवघड काम जातं, म्हणून तो जास्त शिकतो. बैठकीत तो अडखळला तर त्याला थांबून पूर्ण बोलू दिलं जातं, दुसऱ्याचं वाक्य साहेब स्वतःच संपवतात. चुकलं तर एकाला नेमकं कुठे चुकलं ते सांगतात, दुसऱ्याला ‘ठीक आहे, राहू दे’.

‘राहू दे’ हे मला यातलं सर्वांत घातक वाटतं, कारण ते ऐकायला सौम्य असतं.

कामाच्या जागी अपेक्षेला अधिकृत शिक्का मिळतो तो वार्षिक मूल्यांकनात. जॅक वेल्च प्रमुख असताना जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीने कर्मचाऱ्यांची वरचे 20, मधले 70 आणि तळाचे 10 टक्के अशी विभागणी रूढ केली आणि अनेक कंपन्यांनी ती उचलली. मायक्रोसॉफ्टने आपली अशीच सक्तीची क्रमवारी 2013 मध्ये बंद केली, ती एकत्र काम करणं सोपं व्हावं म्हणून. पण क्रमवारी गेली तरी श्रेणी बहुतेक ठिकाणी आहेच. बदली होऊन आलेल्या माणसाची गेल्या तीन वर्षांची श्रेणी नव्या साहेबांनी त्याच्याशी पहिलं बोलणं होण्याआधीच वाचलेली असते. राउडनबुश यांच्या हिशोबाने शिक्का सर्वांत खोल उमटतो तो नेमका याच दिवसांत.