रोटरी इंजिन ऑइल खातं, म्हणजे ते गेलं का?

रोटरी इंजिनाची जुनी माझ्दा आरएक्स-८ घ्यायची म्हटलं की मुंबईत सल्ला ठरलेला: ‘ऑइल खाते, इंजिन गेलंय.’ हा गैरसमज आहे. या इंजिनात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो; त्याच्या टोकांवरच्या एपेक्स सीलना (फट बंद ठेवणाऱ्या पट्ट्यांना) वंगण मिळावं म्हणून पंप मुद्दाम थोडं ऑइल आत सोडतो, ते जळणारच. पेट्रोल भरताना डिपस्टिकवर ऑइलची पातळी बघत जा.

खरी परीक्षा तापलेल्या इंजिनाची. सायनच्या ट्रॅफिकमधून फिरवून आणा, बंद करा, दहा मिनिटांनी परत स्टार्टर मारा. तो नुसताच फिरत राहिला, तर कॉम्प्रेशन (आतल्या हवेवर पडणारा दाब) उतरल्याची दाट शंका घ्या. मग रोटरीच्या खास टेस्टरनेच मोजून घ्या, प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे आकडे मागा. साधा गेज त्यातला सर्वांत मोठाच दाखवतो! आणि सोसायटीत गाडी जरा पुढेमागे करून थंडच बंद करू नका, प्लग पेट्रोलने भिजतात.