हौद्याचा लाकडी तळ बदलून घेताना

जुन्या पिकअपच्या हौद्याचा, म्हणजे मागच्या माल ठेवायच्या उघड्या भागाचा, लाकडी तळ बदलायला मालक आमच्याकडे आले की पहिला प्रश्न विचारतात, लाकूड कोणते घ्यायचे? प्रश्न रास्त आहे, पण त्याआधी आम्ही गाडीखाली शिरतो. पाऊस पडून लगेच वाळला तर फळीचे फारसे बिघडत नाही. ती कुजते साचलेल्या पाण्याने, आणि पाणी साचते दोन ठिकाणी: फळी आडव्या बीमवर टेकते तिथे आणि फळ्यांच्या टोकांशी. वरून पाहिले तर यातले काहीच दिसत नाही.

म्हणून नवीन फळ्या बसण्याआधी खालचे लोखंड साफ होते. गंज खरवडून काढायचा, पोखरलेला बीम दुरुस्त करायचा, प्रायमर आणि रंग द्यायचा. हौदा उघडा असतानाच हे नीट करता येते. "बीम राहू द्या, नुसत्या फळ्या टाका" असा आग्रह काही जण धरतात. तसे काम आम्ही घेत नाही.

जुन्या फळ्या कितीही सडल्या असल्या तरी फेकू नका, गाडीबरोबर घेऊन या. प्रत्येकीची रुंदी, भोकांच्या जागा आणि कडेची खाच आम्ही त्यांच्यावरूनच उतरवून घेतो. कडेच्या फळ्या बऱ्याचदा मधल्यांपेक्षा वेगळ्या मापाच्या असतात. फळ्या काढताना सर्वाधिक वेळ बोल्ट खातात. गोल डोक्याच्या या बोल्टची चौकोनी मान लाकडात रुतून बसलेली असते. लाकूडच पोचट झाले की नटाबरोबर बोल्टही फिरतो आणि शेवटी तो कापावा लागतो. जवळ इंधनाची टाकी, ब्रेकचे पाइप किंवा वायरिंग असेल तर ते आधी सोडवतो किंवा झाकतो. ठिणग्यांशी खेळ नको.

आता लाकूड

शेवरोलेच्या स्टेपसाइड (चाकांचे मडगार्ड हौद्याच्या बाहेर असलेल्या) पिकअपमध्ये लाकडी तळ १९८० च्या दशकापर्यंत होता. जुन्या अमेरिकन पिकअपच्या कारखान्यातल्या फळ्या अनेकदा साध्या पाइनच्या असत, आज हौसेने ओक बसवतात. ओक घ्यायचा तर पांढरा घ्या. त्याची छिद्रे नैसर्गिकरीत्या बुजलेली असतात, तर लाल ओकची उघडी असल्याने तो पाणी ओढतो. ओकमधले टॅनिन (लाकडातले तुरट द्रव्य) ओल्या लोखंडाला लागले की लाकडावर काळेनिळे डाग पडतात, त्यामुळे तिथे स्टेनलेस स्टीलचे बोल्ट वापरावेत. सागही उत्तम, त्याच्या अंगचे तेल पाण्याला दाद देत नाही.

कोणतेही लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र फुगते आणि आटते. फळ्या एकमेकींना घट्ट भिडवल्या तर पावसाळ्यात त्या वर उचलल्या जातात, नाहीतर फटींवरच्या लोखंडी पट्ट्या वाकवतात. दोन फळ्यांमधली फट ही कामातली कसूर नाही, ती मुद्दाम ठेवलेली असते आणि वरची लोखंडी पट्टी ती झाकते. पट्ट्या कसण्याआधी आम्ही हौद्याचे दोन्ही कर्ण मोजतो. ते सारखे नसतील तर चौकट तिरकी आहे, आणि तिरक्या चौकटीत फळ्या सरळ बसत नाहीत.

तेल की व्हार्निश?

व्हार्निशची चमक डोळ्यांत भरते, पण एकदा तडा गेला की पाणी थराखाली शिरते आणि पूर्ण तळ घासून पुन्हा करावा लागतो. तेलाचा तळ मंद दिसतो, पण झिजला तिथे फडक्याने पुन्हा तेल लावले की झाले. सामान वाहणाऱ्या गाडीला आम्ही तेलच सुचवतो. प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीला ऊन सोसणारे जहाजी व्हार्निश द्यावे. काहीही निवडा, फळी बसवण्याआधी तिच्या सहाही बाजू भिजल्या पाहिजेत, आणि दोन्ही टोकांना जादा हात हवा. टोकांकडून लाकूड सर्वात जास्त पाणी पिते. नवीन पाडलेल्या भोकांच्या आतही लेप जातो.

घरी जवसाचे तेल लावणार असाल तर एक गोष्ट विसरू नका: तेलात भिजलेली फडकी चुरगाळून ठेवली तर आपोआप पेटू शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा.

पहिला पावसाळा आणि त्यानंतरचा कोरडा काळ गेला की नट हाताच्या पान्ह्याने पुन्हा तपासा, लाकूड दबेल इतके कसू नका. रबरी मॅट कायम अंथरून ठेवू नका. गाडी धुतल्यावर मागचे फाळके उघडून हौदा उतारावर उभा करा, पाणी निघून जाईल.