उन्हाळी सुट्टीतील अध्यापन आणि अर्जित रजा : पात्रता, कागदपत्रे आणि दावे नामंजूर होण्याची कारणे

मे महिन्यात महाविद्यालयात जाऊन शिकवले, प्रवेशाचे काम केले, मूल्यांकन समितीचा अहवाल लिहिला, त्याचे वेगळे पैसे मिळतील का, हा प्रश्न दर वर्षी जूनमध्ये विचारला जातो. नियमित, पूर्णवेळ शिक्षकाच्या बाबतीत त्याचे उत्तर बहुतेक वेळा नकारार्थी असते. त्याचे वेतन बारा महिन्यांचे असून त्यात दीर्घ सुट्टीचे वेतन धरलेलेच असते. सुट्टीत काम करावे लागले तर मोबदला रोख रकमेत नव्हे, तर अर्जित रजेच्या, म्हणजे कामाच्या बदल्यात खात्यावर जमा होणाऱ्या पगारी रजेच्या रूपात मिळतो. ही रजा आपोआप खात्यावर जमा होत नाही, तिच्यासाठी दावा दाखल करावा लागतो. आणि काम खरोखर केलेले असूनही असे अनेक दावे केवळ कागदाअभावी परत येतात. पुढील माहिती मुख्यतः महाराष्ट्रातील अकृषी विद्यापीठांना संलग्न असलेल्या अनुदानित महाविद्यालयांतील शिक्षकांसाठी आहे. तासिका तत्त्वावरील, म्हणजे घेतलेल्या तासांनुसार मानधन मिळणाऱ्या शिक्षकांची स्थिती वेगळी असल्याने तिचा विचार शेवटी केला आहे.

नियमाचा आधार

विद्यापीठ अनुदान आयोगाची 18 जुलै 2018 ची नियमावली राज्य शासनाने सातव्या वेतन आयोगासंबंधीच्या 8 मार्च 2019 च्या शासन निर्णयाने लागू केली. या नियमावलीनुसार पूर्णवेळ शिक्षकाचा कार्यभार वर्षातील 30 आठवडे, म्हणजे 180 अध्यापन दिवस, आठवड्याला किमान 40 तास इतका असतो. त्यातील प्रत्यक्ष अध्यापनाचे तास सहायक प्राध्यापकासाठी 16, तर सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक यांच्यासाठी 14 आहेत. विद्यापीठांना 8 आठवड्यांची दीर्घ सुट्टी आहे. महाविद्यालयांना 10 आठवड्यांच्या सुट्टीचा पर्याय आहे, मात्र तो स्वीकारला की एरवीची अर्जित रजा मिळत नाही. सुट्टीत काम करणे भाग पडले, तर त्या कालावधीच्या एक तृतीयांश इतकी अर्जित रजा जमा होते.

या वाक्यातील ‘भाग पडले’ या अटीकडे दुर्लक्ष होते, आणि बहुतेक नकार तिथूनच येतात. शिक्षक स्वतःहून आला, ग्रंथालयात बसला, संशोधन निबंध पूर्ण केला, पुढच्या वर्षाच्या टिपणांची तयारी केली, तर ते काम कितीही मोलाचे असले तरी नियमाच्या दृष्टीने त्याने सुट्टी उपभोगली असेच धरले जाते. सक्षम प्राधिकाऱ्याने लेखी आदेश देऊन त्याला सुट्टीपासून रोखले असेल, तरच रजेचा हक्क निर्माण होतो.

हिशेब अवघड नाही. आदेशानुसार 21 दिवस काम झाले असेल तर 7 दिवस रजा जमा होते. दिवाळीची आणि उन्हाळ्याची मिळून 70 दिवसांची सुट्टी संपूर्णपणे कामात गेली, तरी जमा होणारी रजा 23 दिवसांच्या आसपासच राहते. एकूण साठा 300 दिवसांच्या वर जाऊ शकत नाही, आणि उच्च शिक्षण, प्रशिक्षण, वैद्यकीय कारण किंवा परदेशातील वास्तव्य हे अपवाद वगळता एका वेळी 60 दिवसांपेक्षा अधिक अर्जित रजा मंजूर होत नाही. दीर्घ सुट्टीला जोडून अर्जित रजा घेतल्यास ही कमाल मर्यादा मोजताना सुट्टीचे दिवसही रजेतच धरले जातात. मुलीच्या लग्नासाठी मार्च-एप्रिलची रजा आणि पुढे लागूनच मे महिन्याची सुट्टी असा बेत आखणाऱ्यांना ही तरतूद ऐन वेळी कळते.

शासकीय महाविद्यालयांतील शिक्षकांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 लागू होतात. तिथे एक तृतीयांशाचे सूत्र नसून, न उपभोगलेल्या सुट्टीचे पूर्ण सुट्टीशी जे प्रमाण असेल त्याच प्रमाणात 30 दिवसांपैकी रजा मिळते. एका पद्धतीचा तक्ता दुसरीकडे वापरून केलेले दावे पाहायला मिळतात आणि ते साहजिकच फेटाळले जातात.

जो कागद कोणाकडेच नसतो

अर्जासोबत लागणाऱ्या इतर गोष्टी सहज जमतात: ठरलेला नमुना, रजा लेख्याचा (जमा आणि घेतलेल्या रजेच्या नोंदीचा) उतारा, विद्यापीठाच्या शैक्षणिक वेळापत्रकाची प्रत, विभागप्रमुखाची शिफारस. अडते ते आदेशावर. काम सुरू होण्यापूर्वीच्या तारखेचा, जावक क्रमांक असलेला, शिक्षकाचे नाव, कामाचे स्वरूप आणि ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ असा स्पष्ट कालावधी नमूद केलेला प्राचार्यांचा आदेश लागतो, आणि तो फारच थोड्यांकडे असतो. प्रत्यक्षात घडते ते असे की, एप्रिलच्या शेवटच्या बैठकीत प्राचार्य तोंडी सांगतात, ‘प्रवेश समितीच्या सदस्यांनी मे महिन्यात यायचे आहे’. मग विभागाच्या व्हॉट्सॲप गटावर एक निरोप येतो, सगळे निमूटपणे येतात, काम पार पडते. दावा करायची वेळ आली की कार्यालय आदेशाचा क्रमांक विचारते. निरोपाचे छायाचित्र जोडून उपयोग होत नाही, कारण त्याला ना जावक क्रमांक असतो, ना स्वाक्षरी.

यावर कार्योत्तर, म्हणजे काम झाल्यानंतर काढलेल्या आदेशाचा उपाय सुचवला जातो. काही महाविद्यालये जुलैमध्ये मागची तारीख टाकून आदेश काढून देतात. तो स्वीकारू नये असा कळकळीचा सल्ला आहे. जावक नोंदवहीत त्या तारखेच्या क्रमांकांमध्ये जागा नसते, मग ‘अ’ किंवा ‘ब’ जोडलेला क्रमांक पडतो, आणि लेखापरीक्षकाची नजर नेमकी अशाच क्रमांकावर थांबते. हा आक्षेप त्याच वर्षी येईल असेही नाही. कित्येकदा तो सेवानिवृत्तीच्या वेळी, सेवापुस्तकाची पडताळणी होताना निघतो, आणि तोपर्यंत तो आदेश काढणारे प्राचार्य स्वतःच निवृत्त झालेले असतात. त्यापेक्षा प्रामाणिक मार्ग असा की, चालू तारखेने कार्योत्तर मान्यतेचा प्रस्ताव सादर करावा, त्यात आदेश वेळेत का निघाला नाही याचे कारण लिहावे आणि समितीचे इतिवृत्त जोडावे. मान्यता मिळेलच अशी हमी नाही, पण मिळाली तर ती टिकते.

म्हणून एप्रिल संपण्यापूर्वी प्राचार्यांकडे दोन ओळींचे पत्र द्यावे: ‘आपल्या तोंडी सूचनेनुसार मी या तारखांना या कामासाठी उपस्थित राहणार आहे, कृपया लेखी आदेश व्हावेत.’ या पत्राची पोच घ्यावी. असे पत्र देणे अनेकांना उद्धटपणाचे वाटते, विशेषतः नव्याने रुजू झालेल्यांना. आदेश काढणे हे कार्यालयाचे कर्तव्य आहे, त्याची आठवण शिक्षकाला करून द्यावी लागते हीच खरी खेदाची गोष्ट आहे. पण कागद नसल्याचा तोटा कार्यालयाला होत नाही, शिक्षकाला होतो.

हजेरीपटाचीही अशीच गत आहे. सुट्टीत नियमित हजेरीपट कपाटात बंद असतो आणि बायोमेट्रिक यंत्रात सुट्टीचे दिवस आधीच ‘सुट्टी’ म्हणून भरलेले असतात. अशा वेळी सुट्टीतील कामासाठी स्वतंत्र हजेरीपट उघडून घ्यावा आणि त्यावर रोज स्वाक्षरी करावी. आठवड्याच्या शेवटी एकदम केलेल्या स्वाक्षऱ्या एकाच शाईच्या, एकाच वळणाच्या दिसतात आणि तपासणाऱ्याला त्या ओळखू येतात. आदेशात सलग कालावधी असूनही हजेरी मधल्या काही दिवसांचीच असेल, तर कार्यालय हजेरीचेच दिवस मोजते हे गृहीत धरूनच दावा लिहावा.

कोणते काम धरले जाते

स्वायत्त महाविद्यालयांतील उन्हाळी सत्राचे वर्ग, अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठीचे उपचारात्मक अध्यापन, प्रवेश प्रक्रिया, मूल्यांकनाची तयारी ही कामे आदेश असल्यास सहसा अडत नाहीत. अडचण परीक्षेच्या कामाची आहे. परीक्षेच्या कामात साहाय्य करणे हे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, 2016 नुसार शिक्षकावर बंधनकारक आहे. मात्र उत्तरपत्रिका तपासणी आणि पर्यवेक्षण यांसाठी मानधन मिळते, आणि ज्या दिवसासाठी मानधन घेतले त्याच दिवसासाठी रजाही मागितली तर दुहेरी लाभाचा आक्षेप हमखास येतो. शिक्षकांची बाजू अशी असते की मानधन प्रती उत्तरपत्रिका मिळते, गेलेल्या सुट्टीबद्दल नव्हे. हा युक्तिवाद पटण्यासारखा आहे, पण तो दावा मंजूर करून घेण्याच्या कामी येत नाही. मानधनाचे दिवस स्वतःच वगळावेत आणि उरलेल्या दिवसांसाठी ‘या कालावधीत कोणतेही मानधन अथवा अन्य मोबदला घेतलेला नाही’ असे प्रमाणपत्र जोडावे. दहा दिवसांच्या आग्रहापायी तीस दिवसांचा संपूर्ण प्रस्ताव पडून राहण्यापेक्षा हे बरे.

निवडणुकीच्या कामाचे दावे तुलनेने सुरळीत जातात, कारण तिथे छापील, तारखांचा आदेश असतो. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत राज्यातील मतदान 20 मे पर्यंत चालले होते, त्यामुळे अनेकांची सुट्टी प्रशिक्षण आणि मतदान यांत विभागली गेली. अशा वेळी नियुक्तीच्या आदेशासोबत महाविद्यालयाचा कार्यमुक्ती आदेश आणि उपस्थितीचा दाखलाही जपून ठेवावा. निवडणूक भत्त्याचा प्रश्न इथेही विचारला जाऊ शकतो.

तारखांचा घोळ

दाव्यातील सर्वांत साधी आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सुट्टी नेमकी कोणत्या तारखेला सुरू झाली, हे कॅलेंडर पाहून ठरवणे. साधारणपणे मे महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा ही उन्हाळी सुट्टी असली, तरी ग्राह्य धरली जाते ती विद्यापीठाच्या परिपत्रकातील तारीख. प्रवेश लांबले, परीक्षा पुढे गेल्या आणि 180 दिवस भरून काढण्यासाठी सत्र वाढवले, तर वाढीव दिवस हे सत्राचेच दिवस असतात. त्या दिवसांत घेतलेल्या तासिका हा नियमित कार्यभार असून त्यांच्यावर रजा मागता येत नाही. विद्यापीठाने सुधारित परिपत्रक काढले असेल तर जुने जोडू नये. दोन्ही परिपत्रकांवरील क्रमांक आणि दिनांक ताडून पाहावेत.

अर्ज सादर करण्याची मुदत प्रत्येक महाविद्यालय आपल्या सूचनेने ठरवते आणि बहुधा ‘सुट्टी संपल्यापासून’ इतके दिवस अशी तिची भाषा असते. काही जण ती मुदत स्वतःचे काम संपल्यापासून मोजतात, काही जण वर्ग सुरू झाल्यापासून, तर काही जण रजा हवी असेल तेव्हा अर्ज करू असे म्हणून वर्षानुवर्षे थांबतात. शेवटच्या गटाचे नुकसान सर्वाधिक होते, कारण पाच वर्षांपूर्वीचा हजेरीपट कोणालाच सापडत नाही. प्रत्येक सुट्टीचा दावा त्याच सुट्टीनंतर करावा, मंजुरीनंतर नोंद सेवापुस्तकातील रजा लेख्यात प्रत्यक्ष झाली आहे का ते स्वतः पाहावे आणि त्या पानाची प्रत घ्यावी. मंजुरीचे पत्र नस्तीत आणि रजा लेखा कोरा, ही स्थिती वाटते तितकी दुर्मीळ नाही.

तासिका तत्त्वावरील शिक्षक

या शिक्षकांना अर्जित रजा नाही आणि सुट्टीचे वेतनही नाही. तासिका झाली तर मानधन, नाही तर नाही. ज्यांच्या खांद्यावर अनेक विभागांचे अध्यापन उभे आहे, त्यांना मे आणि जूनमध्ये काहीच मिळत नाही, ही व्यवस्था कोणत्याही अंगाने समर्थनीय नाही. परंतु उन्हाळी सत्रात शिकवण्याची विनंती झाली, तर होकार देण्यापूर्वी आपल्या नियुक्ती आदेशाची अंतिम तारीख वाचावी. आदेश सत्रासोबत संपत असेल, तर त्यानंतर घेतलेल्या तासिकांचे देयक मंजूर करण्यास आधार उरत नाही. मुदतवाढीचा किंवा नवा आदेश, विभागाचे मंजूर वेळापत्रक आणि विभागप्रमुखाने प्रतिस्वाक्षरी केलेले तासिका विवरणपत्र हे तीन कागद आधी जुळवावेत, वर्ग नंतर घ्यावेत. मानधनाच्या दराबाबतही अपेक्षा तपासून घ्यावी. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये अतिथी अध्यापकांसाठी प्रती व्याख्यान 1500 रुपये आणि महिन्याला कमाल 50,000 रुपये असा दर सुचवला, तो अनेकांच्या लक्षात असतो. देयक मात्र राज्य शासनाच्या लागू आदेशातील दरानेच निघते. उन्हाळी सत्राचा खर्च महाविद्यालय विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भागवणार असेल, तर दर किती आणि रक्कम कोणत्या निधीतून मिळणार, हे आदेशातच लिहून घ्यावे.

दावा परत आल्यास

‘नियमात बसत नाही’ असा तोंडी शेरा हा निर्णय नव्हे. कोणत्या तरतुदीनुसार दावा नामंजूर केला, हे लेखी मागावे. उत्तर येत नसेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 खाली प्रस्तावावरील टिप्पणीची प्रत मागता येते. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क 10 रुपये आहे आणि उत्तराची मुदत 30 दिवस. अर्ज एकाच विषयापुरता आणि 150 शब्दांच्या आत ठेवावा लागतो, म्हणून त्यात गाऱ्हाणे मांडू नये. प्रस्तावाचा आवक क्रमांक, तारीख आणि ‘टिप्पणीची साक्षांकित प्रत’ एवढेच लिहावे. टिप्पणी हाती आल्यावर बहुधा असे दिसते की अडचण एखाद्या जोडपत्राची होती आणि ते कोणी मागितलेच नव्हते. ते जोडून प्रस्ताव त्याच क्रमांकाच्या संदर्भाने पुन्हा सादर करावा, नवा दावा म्हणून नव्हे. नवा केल्यास मुदतीचा आक्षेप पहिल्यापासून सुरू होतो.