द इव्होल्यूशन ऑफ कॅलपर्निया टेट

जॅकलीन केली यांची पहिली कादंबरी. किशोरांसाठीची ही इंग्रजी ऐतिहासिक कादंबरी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०१० मध्ये तिला न्यूबेरी ऑनर हा अमेरिकन बालसाहित्यातला सन्मान मिळाला.

काळ १८९९ चा. स्थळ टेक्सासमधील सॅन मार्कोस नदीकाठचे फेंट्रेस गाव. टेट कुटुंबाकडे कपाशीची शेती, जिनिंगचा कारखाना आणि पेकनच्या (अक्रोडासारख्या एका फळाच्या) बागा आहेत. अकरा वर्षांची कॅलपर्निया सात भावंडांत चौथी आणि एकटीच मुलगी. थोरला हॅरी सोडला तर सॅम ह्यूस्टन, लमार, ट्रॅव्हिस, सल रॉस आणि जिम बोवी या भावांची नावे टेक्सासच्या इतिहासातल्या वीरांची व पुढाऱ्यांची आहेत.

कथानकाला गती मिळते ती टोळांमुळे. त्या कोरड्या उन्हाळ्यात अंगणात मोठे पिवळे आणि छोटे हिरवे असे दोन तऱ्हांचे टोळ दिसतात. पिवळ्यांची ही नवीच जात असावी, असे कॅलपर्नियाला वाटते. आजोबा वॉल्टर टेट उत्तर सांगत नाहीत, ते तिचे तिलाच शोधायला लावतात. वाळलेल्या पिवळ्या गवतावर हिरवे टोळ उठून दिसतात, पक्षी त्यांना टिपतात. पिवळे लपतात, म्हणून जगून मोठे होतात, हे तिच्या लक्षात येते. (प्रत्यक्षात टोळांच्या काही जातींत कात टाकताना रंगही बदलतो, त्यामुळे हे एकमेव स्पष्टीकरण मानू नये.) उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा डार्विनचा ‘द ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ तिने वाचनालयात मागितला तर आईची चिठ्ठी आणायला सांगतात, शेवटी आजोबांची प्रत तिच्या हाती येते. कादंबरीचे प्रत्येक प्रकरणही त्याच ग्रंथातील उताऱ्याने उघडते.

पुढे वाटाण्याच्या कुळातील व्हेच या वेलीचा एक अनोळखी नमुना सापडतो. कॅलपर्निया तो वहीत टिपते, पण कुठे सापडला हे लिहायचे विसरते. स्थळ नसलेल्या नमुन्याला वनस्पतिशास्त्रात फारशी किंमत नसते, आणि ती वेल पुन्हा शोधताना नातीची व आजोबांची पुरती दमछाक होते. कादंबरीतला हा सर्वांत अस्सल वैज्ञानिक प्रसंग म्हणावा लागेल. वेलीचे छायाचित्र अमेरिकेतील स्मिथसोनियन या संशोधन संस्थेकडे जाते, ती नवी जात ठरते आणि तिला कुटुंबाच्या आडनावावरून ‘व्हिसिया टेटिआय’ हे नाव मिळते. ही जात काल्पनिक आहे.

घरात मात्र तिच्याकडून शिवण, विणकाम आणि स्वयंपाक यांचीच अपेक्षा आहे. नाताळची भेट उघडताना वेष्टनाखाली ‘सायन्स’ हा शब्द दिसतो आणि ती हरखून जाते. पुस्तक निघते गृहिणीच्या कर्तव्यांचे. भावांच्या प्रेमप्रकरणांची उपकथानके गमतीदार आहेत, पण मधल्या भागात ती रेंगाळतात.

कॅलपर्निया शास्त्रज्ञ होणार की नाही, हे लेखिका सांगत नाही. १ जानेवारी १९०० च्या सकाळी फेंट्रेसमध्ये बर्फ पडलेला असतो आणि ती त्यात पहिली पावले उमटवायला धावते. ‘द क्युरियस वर्ल्ड ऑफ कॅलपर्निया टेट’ हा पुढचा भाग २०१५ मध्ये आला.