100 जागा, 100 माणसं, तरी 37 जण घरी

इतक्या जागा रिकाम्या आणि इतके लोक बेकार, अशी बातमी आली की दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. एक तर लोकांना काम करायचंच नसतं, नाहीतर त्यांच्याकडे कौशल्यच नसतं. दोन्हींत थोडंफार तथ्य असेलही. पण ही दोन्ही कारणं पार पुसून टाकली, तरी बेकारी उरतेच. ती किती उरते, हे शाळेतल्या संभाव्यतेच्या गणिताने काढता येतं. मला हे गणित फार आवडतं, म्हणून सावकाश मांडतो.

समजा, 100 जागा आहेत, सगळ्या सारख्या. उमेदवारही 100, सगळे सारखेच कुशल आणि सगळ्यांना काम हवंय. प्रत्येक जण एकच अर्ज करतो, मात्र बाकीचे 99 जण कुठे अर्ज करतायत हे त्याला ठाऊक नाही. आता यातली कोणतीही एक जागा घ्या, 42 क्रमांकाची म्हणू. पहिल्या उमेदवाराने ती न निवडण्याची शक्यता 0.99. दुसऱ्याचीही तेवढीच. शंभरच्या शंभर जणांच्या हातून ती सुटण्याची शक्यता म्हणजे 0.99 चा शंभरावा घात. उत्तर येतं 0.366. म्हणजे सरासरी 37 जागांकडे एकही अर्ज फिरकत नाही. उरलेल्या 63 पैकी कितीतरी जागांवर दोन-दोन, तीन-तीन अर्ज येऊन पडतात आणि निवड एकाचीच होते. 37 जागा रिकाम्या, 37 माणसं घरी. शंभराऐवजी लाख घेतले तरी प्रमाण 1/e (e ही गणितातली 2.718 च्या आसपासची ठरलेली संख्या), म्हणजे 0.368 च्या जवळच राहतं. यातला प्रत्येक जण आपल्या नशिबाला दोष देतो, कुणी ग्रहांची शांत करायला निघतो. ग्रहांचा इथे काहीही संबंध नाही. दुसरे कुठे अर्ज करतायत, ही माहिती नसल्याचा हा परिणाम आहे.

मग प्रत्येकाने दहा अर्ज केले तर? रिकाम्या राहिलेल्या जागांवर अर्ज येतील, हे खरं. पण आता तीन मालक एकाच उमेदवाराला बोलावतात. तो एक जागा घेतो, दोन मालक आठवडाभर वाट बघून पुन्हा यादीकडे वळतात, तोवर यादीतला दुसरा उमेदवार भलतीकडे रुजू झालेला असतो. गोंधळ संपत नाही, उमेदवाराच्या बाजूने मालकाच्या बाजूला सरकतो. ‘एका क्लिकवर शंभर अर्ज’ किंवा ‘एआय तुमच्यासाठी रात्रभर अर्ज करेल’ असल्या जाहिराती बघताना हे लक्षात ठेवा. सगळ्यांनीच ते केलं, तर मालकापुढचा ढीग तेवढा वाढतो.

काम आणि माणूस यांची गाठ पडण्यातल्या या अडथळ्यांचा अभ्यास केल्याबद्दल पीटर डायमंड, डेल मॉर्टेनसन आणि ख्रिस्तोफर पिसारिडीस यांना 2010 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. उपाय मात्र त्याच्या शंभर वर्षं आधीच सुरू झाला होता. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ विल्यम बेव्हरिज यांनी आग्रह धरला आणि ब्रिटनमध्ये फेब्रुवारी 1910 मध्ये सरकारी रोजगार केंद्रं उघडली. एका टेबलावर दोन याद्या, एक जागांची आणि एक माणसांची. 42 क्रमांकाची जागा मोकळी आहे हे टेबलामागच्या माणसाला दिसतं, म्हणून तो पुढच्या उमेदवाराला तिकडे पाठवतो. वर काढलेला 37 चा आकडा इथेच खाली येतो.

आता हेच काम खासगी एजन्सींकडे दिलं तर? समजा, दहा एजन्सी आहेत. त्या 100 जागा आणि 100 उमेदवार या दहा जणींत जसे येतील तसे विभागले गेले. प्रत्येक एजन्सी आपल्या यादीपुरतं काम अगदी बिनचूक करते. तरीही एकीकडे 13 माणसं आणि 8 जागा, तर दुसरीकडे 7 माणसं आणि 11 जागा, असं होणारच. हिशेब केला तर सरासरी 17 जागा रिकाम्या राहतात, केवळ यादी फोडल्यामुळे. म्हणून देशभराची रोजगार सेवा उभारताना सगळ्यात आधी हवी ती सामाईक नोंदवही. एजन्सींनी स्पर्धा जरूर करावी, पण समुपदेशनात, प्रशिक्षणात, मालकांशी संबंध जोडण्यात. जागांची यादी दडवून ठेवण्यात नव्हे.

दुसरा पेच पैशांचा. कल्पनेतले दोन उमेदवार घ्या. पहिल्याला स्वतःच्या बळावर सहा महिन्यांत काम मिळण्याची शक्यता 80 टक्के, मदतीने 85. दुसऱ्याला एकट्याने 10 टक्के, मदतीने 35. समाजाचा फायदा दुसऱ्याला मदत करण्यात आहे, 5 च्या जागी 25. पण एजन्सीला दर नोकरीमागे सारखाच मोबदला असेल, तर तिच्या वहीत पहिला 85 चा आणि दुसरा 35 चा. ती पहिल्यालाच धरणार. मलई खायची आणि ताक टाकून द्यायचं. यात एजन्सी वाईट आहे असं नाही, कराराने तिला हेच शिकवलंय.

फ्रान्समध्ये 2007 मध्ये याची मोठी चाचणी झाली. बेकारांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली: काहींना सरकारी सेवेचं सखोल मार्गदर्शन, काहींना खासगी एजन्सींचं, बाकीच्यांना नेहमीची साधी मदत. दोन्ही प्रकारच्या मार्गदर्शनाचा उपयोग झाला, पण पहिल्या सहा महिन्यांत सरकारी सेवेचा परिणाम खासगीच्या जवळपास दुप्पट निघाला. खासगी एजन्सींना काही रक्कम उमेदवाराचं नाव नोंदवताच मिळत होती आणि उरलेली नोकरी लागल्यावर व टिकल्यावर. एका देशातल्या एका करारावरून खासगी एजन्सी कुचकामी असतात असं मी म्हणणार नाही. पण ‘खासगीकडे दिलं की काम होतं’ हे गृहीत धरणाऱ्यांनी ही चाचणी जरूर वाचावी.

उपाय आहेत. ज्याला काम मिळणं अवघड, त्याच्यासाठी मोबदला जास्त. कोणता उमेदवार कोणत्या एजन्सीकडे जाईल हे सरकारने ठरवायचं, एजन्सीने नाही. आणि नोकरी लागल्याच्या दिवशी सगळे पैसे न देता काही भाग ती टिकल्यावर द्यायचा. ‘अवघड’ कोण हे संगणकाने ठरवायचं म्हटलं, तर ऑस्ट्रियातला वाद आठवावा. तिथल्या रोजगार सेवेच्या गणिती सूत्रात स्त्री असण्याला उणे गुण होते, आणि 2018 मध्ये त्यावर मोठं वादळ उठलं. जुन्या आकड्यांत भेदभाव असेल, तर सूत्र तोच पुढे चालवतं.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1997 च्या 181 क्रमांकाच्या करारात सरकारी सेवा आणि खासगी एजन्सी यांच्या भागीदारीची चौकट आहे. कलम 7 सांगतं की एजन्सीने कामगाराकडून, काही मोजके अपवाद सोडता, थेट किंवा आडवाटेने शुल्क घ्यायचं नाही. कलम 13 या दोघांचं सहकार्य वाढवायला सांगतं, पण श्रमबाजाराचं धोरण आणि त्यासाठीचा सार्वजनिक पैसा यांवर अंतिम अधिकार सरकारी यंत्रणेकडेच ठेवतं.